माती राखली कोणी?



केनियातला मचाकोस जिल्हा आपल्यासारखाच कोरडवाहू, वर डोंगरउताराचा. १९३० च्या दशकात इंग्रज सरकारच्या तज्ज्ञांनी धुपीचा ठपका शेतकऱ्यांवर ठेवला: माणसे फार, गुरे फार. १९३८ साली सरकार जबरीने गुरे विकायला निघाले. मुइंदी म्बिंगू यांच्यामागे हजारो कांबा शेतकरी नैरोबीवर चालून गेले. सरकारला माघार घ्यावी लागली.

१९९४ साली मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी या संशोधकांनी त्याच जिल्ह्याचा ६० वर्षांचा हिशेब मांडला. १९३२ ची सुमारे २ लाख ४० हजार वस्ती १९८९ साली सुमारे १४ लाख झाली होती. धूप मात्र घटली होती. चर खणायचा, माती वरच्या अंगाला टाकायची, असे बांध लोकांनीच घातले. बाया गट करून राबल्या. कॉफी, फळे, भाजीपाला विकला गेला, शहरातल्या नोकरीचा पैसा शेतात आला, म्हणून हे जमले.

आम्हाला कृषी महाविद्यालयात बांधाची मापे शिकवली; बांधाला पैसा कुठून येतो, हे नाही शिकवले. म्हणून पाणलोटाचा आराखडा घेऊन साहेब गावात आले की आधी विचारा: बांधावर पिकेल त्याला गिऱ्हाईक कोण, आणि भाव काय?