बाँडचे बूट आता कोण उचलणार?

जेम्स बाँड हे नाव आपल्या वस्त्यांतल्या तरुणांना नवे नाही. एके काळी हे सिनेमे शहरातल्या इंग्रजी टॉकीजपुरते होते. पुढे बाँड हिंदी बोलू लागला, टीव्हीवर आला आणि दहा बाय दहाच्या खोलीतही सर्वांच्या ओळखीचा झाला. चकाचक मोटार, काळा कोट, हातात पिस्तूल आणि शेवटी जगाचा बचाव! म्हाताऱ्यांना त्यातले संवाद कळत नाहीत, पण मारामारी कळते. मुलांना तर तोंडपाठच असतो. म्हणूनच जून २०२५ मध्ये या मालिकेच्या पुढच्या सिनेमाचा दिग्दर्शक म्हणून डेनी विलनव्ह यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा जगभरच्या बाँडवेड्यांत जी खळबळ उडाली तिची चर्चा या पानावर करावी असे आम्हाला वाटले.

हे गृहस्थ कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्विबेक प्रांतातले, जन्म १९६७ चा. 'अरायव्हल' (२०१६), 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) आणि 'डून'चे दोन भाग (२०२१ आणि २०२४) ही त्यांची अलीकडची कामे. नाव जाहीर होताच चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, "एवढा मोठा कलावंत मिळाला, आता मालिकेला दर्जा येईल." दुसरा तट म्हणाला, "हा माणूस फार गंभीर आहे. याचे सिनेमे संथ आणि लांबलचक असतात. बाँडची गंमत, थट्टामस्करी, वेग सगळे हरवेल." विशेष म्हणजे या घोषणेच्या वेळी बाँडची भूमिका कोण करणार हेसुद्धा ठरलेले नव्हते. नवरदेव ठरायच्या आधीच वरातीवरून भांडण!

आमच्या एखाद्या मावशीला प्रश्न पडेल, की पडद्यावर दिसतो तो नट, मग दिग्दर्शकावरून एवढा गहजब कशाला? मावशी, घर बांधताना पैसा मालकाचा असतो, गवंडी भिंत उचलतो, सुतार चौकट बसवतो. पण कुठली भिंत कुठे, खिडकी किती उंचीवर, हे ज्याच्या डोक्यात असते तो मिस्त्री बदलला की घर बदलते. सिनेमाचा मिस्त्री म्हणजे दिग्दर्शक. याचा सर्वांत चांगला दाखला बाँडच्या पहिल्याच सिनेमात आहे.

'डॉक्टर नो' हा तो सिनेमा, १९६२ चा. नायक शॉन कॉनरी. हा माणूस १९३० साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात, कामगारांच्या वस्तीत जन्मला. बाप कारखान्यात राबणारा, लॉरी चालवणारा. आई लोकांच्या घरची साफसफाई करणारी. पोराने लहानपणीच शाळा सोडली आणि दूध घालायचे काम धरले. पुढे त्याने विटा रचल्या, शवपेट्यांना पॉलिश केले. आणि बाँडचा जन्मदाता लेखक इयान फ्लेमिंग कोण? बँकवाल्या घराण्यातला, ईटन या बड्यांच्या शाळेत शिकलेला. त्याच्या मनातला बाँड त्याच्याच थरातला साहेब होता. हा दूधवाला आपला नायक होणार हे त्याला पसंत नव्हते.

तिथे दिग्दर्शक टेरेन्स यंग उभा राहिला. तो स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेला, उंची कपड्यांचा शौकीन. त्याने कॉनरीला आपल्या शिंप्याकडे नेले, सूट शिवून दिले. उंची हॉटेलात कसे बसायचे, कसे खायचे, खोलीत पाऊल कसे टाकायचे, ते शिकवले. सुटाची सवय व्हावी म्हणून कॉनरीला सूट घालूनच झोपायला लावले, असेही सांगतात. सिनेमा आला आणि दूधवाला जगाचा लाडका झाला. फ्लेमिंगलाही आपले मत बदलावे लागले. १९६४ सालच्या कादंबरीत त्याने बाँडचा बाप स्कॉटिश असल्याचे लिहून टाकले! ज्याला लेखकाने उंबऱ्यावर अडवले होते, त्याच्या मुलखातून लेखकाने आपल्या नायकाची वंशावळ काढली. साहेबी ऐट ही रक्तातून येत नाही, ती शिकता येते, हे त्या दूधवाल्याने साऱ्या जगाला पडद्यावर दाखवले. जन्मावरून पायरी ठरवण्याचा जाच आपल्या घरांनी पिढ्यानपिढ्या भोगला आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते.

परंतु वाचकहो, गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच राहील. त्याच सिनेमात, त्याच दिग्दर्शकाच्या हाताखाली आणखी एक माणूस आहे. क्वारेल नावाचा काळा कोळी. तो बाँडला आपल्या होडीतून शत्रूच्या बेटावर नेतो, त्याच्यासाठी जीव धोक्यात घालतो आणि शेवटी जळून मरतो. त्या बेटावर धोका जवळ आलेला असताना बाँड त्याला काय सांगतो? आपले बूट उचलून आणायला! ही भूमिका करणारा नट जॉन किट्झमिलर साधासुधा नव्हता. १९५७ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान त्याने मिळवला होता. एवढ्या तोलाच्या नटाच्या वाट्याला पाच वर्षांनी काय आले, तर दुसऱ्याचे बूट. एका कामगाराच्या पोराला साहेब करणाऱ्या दिग्दर्शकाला या दुसऱ्या माणसाची मान का दिसली नाही, हा प्रश्न आम्हाला साठ वर्षांनंतरही विचारावासा वाटतो.

आता नव्या दिग्दर्शकाकडे या. निवड झाल्यावर विलनव्ह यांनी सांगितले, की आपण लहानपणी वडिलांबरोबर बाँडचे सिनेमे पाहिले, आपण कट्टर चाहते आहोत, आपल्या दृष्टीने ही पवित्र भूमी आहे. या परंपरेचा मान राखण्याची आणि पुढच्या मोहिमांची वाट मोकळी करण्याची इच्छाही त्यांनी बोलून दाखवली. जुने चाहते यावर खूश झाले. आम्ही मात्र 'परंपरा' या शब्दाशी थोडे थांबलो. कुठल्या परंपरेचा मान? दूधवाल्याला नायक करणाऱ्या, की क्वारेलला बूट उचलायला लावणाऱ्या? दोन्ही एकाच सिनेमातून आल्या आहेत. पवित्र म्हटले की माणूस निवडायचे सोडून देतो, आणि निवडणे हेच तर दिग्दर्शकाचे काम आहे.

काहीही बदलू नका, असे म्हणणाऱ्या चाहत्यांनी मागची पाने जरा उलटून पाहावीत. १९६७ च्या सिनेमात कॉनरीला रंगरंगोटी करून जपानी बनवले होते. १९७३ च्या सिनेमात गोऱ्या नायकासमोर खलनायकांची सारी फौज काळ्यांची होती. आणि १९८३ चा 'ऑक्टोपसी' तर आपल्याच देशात, उदयपूरला चित्रित झाला. कबीर बेदी आणि टेनिसपटू विजय अमृतराज त्यात होते, याचा तेव्हा आपल्याकडे केवढा अभिमान! पण त्यात हिंदुस्थान कसा दिसला? खिळ्यांवर झोपणारे, निखाऱ्यांवरून चालणारे, तलवारी गिळणारे. कष्ट करून पोट भरणारा माणूस शोधून सापडत नाही.

त्या सिनेमाचा दिग्दर्शक जॉन ग्लेन हा मात्र याच कारखान्यातून वर आलेला माणूस. आधी संकलन केले, मग साहसदृश्यांच्या दुसऱ्या पथकाचे काम सांभाळले, आणि १९८१ पासून १९८९ पर्यंत ओळीने पाच बाँडपट दिग्दर्शित केले. खात्यातला कामगार मुकादम झाला, याचा आम्हाला आनंदच आहे. पण तळातून वर आलेल्याची नजर आपोआप स्वच्छ होते असे नाही, हेही 'ऑक्टोपसी' पाहून कळते.

बाहेरचे दिग्दर्शक आले तेव्हाही चाहत्यांनी असाच गोंधळ घातला. न्यूझीलंडच्या ली तामाहोरी यांचा २००२ चा सिनेमा आला, त्यात मोटार अदृश्य होते, हे पाहून लोक हसले. तो राग रास्तच होता. त्यानंतर २००५ साली डॅनियल क्रेगचे नाव जाहीर झाले तर केस सोनेरी आहेत म्हणून बहिष्काराच्या आरोळ्या उठल्या. मार्टिन कॅम्पबेल यांनी दिग्दर्शित केलेला 'कॅसिनो रोयाल' २००६ साली पडद्यावर आला आणि बहुतेक आरोळ्या विरल्या. नाटकाच्या रंगभूमीवरून आलेले सॅम मेंडिस यांना मारामारी काय जमणार, अशी शंका होती. त्यांच्या 'स्कायफॉल'ने (२०१२) जगभरात शंभर कोटी डॉलरचा पल्ला ओलांडला, तो या मालिकेत पहिल्यांदाच. २०१८ साली डॅनी बॉईल यांना घेतले, पण मतभेद होऊन ते त्याच वर्षी बाहेर पडले आणि कॅरी फुकुनागा आले. त्यांच्या 'नो टाइम टु डाय'मध्ये (२०२१) बाँड चक्क मरतो! त्यावरून चाहत्यांत जी फूट पडली ती अजून सांधलेली नाही. सिनेमा येण्याआधीचा संताप आणि सिनेमा पाहिल्यावरचे मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या इतिहासावरून दिसते.

पण काही संताप असा असतो की त्याचा सिनेमाशी संबंधच नसतो. 'स्कायफॉल'मध्ये नेओमी हॅरिस ही काळी अभिनेत्री मनीपेनीच्या भूमिकेत आली, तीही या भूमिकेतली पहिलीच. २०२१ च्या सिनेमात बाँड नोकरी सोडून गेलेला असतो आणि ००७ हा क्रमांक लशाना लिंच या काळ्या अभिनेत्रीच्या पात्राला मिळतो. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या कितीतरी आधीच तिला शिव्याशाप सुरू झाले. इद्रिस एल्बा या नामवंत काळ्या नटाचे नाव बाँडसाठी अनेक वर्षे घेतले गेले. त्या चर्चेचे वळण नटाच्या कसबावरून त्याच्या कातडीवर गेले आणि त्याचे मन त्यातून उडाले, असे त्याने स्वतःच सांगितले. "आम्हाला फक्त आमचा जुना बाँड हवा" या वाक्याच्या पोटात काय दडले आहे, ते अशा वेळी बाहेर येते. खुर्चीवर बसलेल्याचे कर्तृत्व न पाहता, 'ही खुर्ची याची नव्हे' असे म्हणणारे लोक कचेरीत आणि कारखान्यात आपणही पाहिले आहेत.

चाहत्यांची एक भीती मात्र आम्हाला खरी वाटते. ही मालिका १९६१ साली ब्रोकोली आणि सॉल्ट्झमन या दोन निर्मात्यांनी उभारली. पुढे ती ब्रोकोलींच्या घराण्यात राहिली. मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन यांनी सांभाळली. आवडले नाही तर थांबू, पण घाईने काढणार नाही, अशी त्यांची रीत होती. २०२२ साली अॅमेझॉन कंपनीने एमजीएम ही चित्रसंस्था सुमारे साडेआठशे कोटी डॉलरला विकत घेतली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडवरचा कलात्मक ताबाही तिच्याकडे जाणार असे जाहीर झाले. घरगुती पोळीभाजी केंद्र मोठ्या कंपनीने घेतले की पोळ्या वाढतात, चव राहील की नाही ते सांगता येत नाही. अशा वेळी दिग्दर्शक ताठ कण्याचा असला पाहिजे. मालकाला 'नाही' म्हणू शकेल असा.

विलनव्ह यांच्याबद्दल आम्हाला आशा वाटते ती त्यांच्या भव्य दृश्यांमुळे नव्हे. 'अरायव्हल'च्या मध्यभागी एक स्त्री आहे, भाषांची अभ्यासक. ती डोक्याने लढते. 'सिकारियो'त (२०१५) पोलिसी कारवाईतले खोटे एका स्त्रीच्या नजरेतून दिसते. 'इन्सेंडीज' (२०१०) ही तर एका आईची कथा आहे, युद्धाने पोळलेल्या. बाँडपटांत बाईचे काम बहुतेक वेळा नटण्याचे, पळण्याचे आणि मरण्याचे. ज्याने बाईला विचार करताना दाखवले, तो इथे काय करील हे पाहण्याजोगे आहे. 'ब्लेड रनर'चा दुसरा भाग त्यांनी पहिल्यानंतर पस्तीस वर्षांनी केला, जाणकारांनी वाखाणला, पण गल्ला अपेक्षेइतका भरला नाही. म्हणजे गल्ल्याच्या हिशेबाने त्यांना वाकवण्याचा प्रयत्न होणारच. टिकतात का, ते कळेल.

आता आपल्यापुरते बोलू. चौघांच्या कुटुंबाने सिनेमाला जायचे म्हणजे पगारातली किती नोट मोडते, हे आम्ही कोणाला सांगायला नको. तो पैसा घामाचा आहे. म्हणून पाहणाऱ्याचा हक्कही घामाचा आहे. मुलांना बाँड पाहू नका असे आम्ही म्हणणार नाही. आनंद लुटावा, शिट्ट्या माराव्यात. फक्त घरी येताना, बसच्या रांगेत उभे असताना, त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. नायक कसा दिसला, मोटार कुठली होती, ते मुले आपण होऊन सांगतीलच. तुम्ही एवढेच विचारा: यात बूट कोण घालतो, आणि उचलतो कोण?

नव्या दिग्दर्शकाची खरी परीक्षा त्या उत्तरात आहे.