मोटारीचे वजन पाहू नका, दम पाहा

भिवापूरचे नाव मिरचीने झाले. या मिरचीवर चुरडा-मुरडा आला की फवारणी हवी, आणि पाऊस उघडला की विहिरीचे पाणी हवे. दोन्ही कामे आता विजेच्या मोटारीवर येऊ लागली आहेत. ड्रोन उडवणारी मोटार एका हातात मावते. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार उचलायला दोन गडी लागतात. मग शेतकरी विचारणारच, हे लोखंडाचे धूड आमच्याच गळ्यात कशाला?

प्रश्न रास्त आहे. पाच हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. हौशी लोकांच्या खेळण्यातल्या विमानाची किलोभर वजनाची मोटारही तेवढा जोर दाखवते. पण किती वेळ? खरी गोम इथेच आहे.

हलकी मोटार जास्त फेरे घेऊन आणि निओडायमियमच्या जबर लोहचुंबकावर जोर काढते. पंख्याचा वारा तिला थंड ठेवतो. फवारणीच्या ड्रोनची बॅटरीही दहा-पंधरा मिनिटांत उतरते, म्हणजे मोटारीला विसावा मिळतो. विहिरीवरच्या मोटारीला तो नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जात नाही, आणि वीज आहे तोवर तासन्‌तास चालते. त्यात व्होल्टेज पडले की करंट वाढतो. करंट दुप्पट झाला तर वाइंडिंगमधली उष्णता चौपट! हा ताप काही काळ तरी सोसते ते तिचे लोखंड आणि तांबे. वजन उगाच नाही, बाप्पा.

म्हणून हलक्या मोटारीला नावे ठेवू नयेत. सौर पंपात चुंबकाच्या बीएलडीसी मोटारी चालतातच. पण त्या सलग चालण्यासाठी बांधलेल्या असतात. फसगत होते ती क्षणभराचा आकडा ठळक छापून माल विकला जातो तेव्हा.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या बायाबापड्यांना दोन गोष्टी आधी कळल्याच पाहिजेत: सलग चालताना मोटारीची ताकद किती, आणि बिघडली तर दुरुस्ती कुठे. साधी मोटार जळली तर वाइंडिंगवाला ती भरून देतो. चुंबकाच्या मोटारीचे काय? विक्रेत्याने हे बिलावर लिहून द्यावे आणि कृषी खात्याने तशी सक्ती करावी. तोवर शेतकऱ्यांनी लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत.