सहलीचा बेत

आमच्या लोहाऱ्याकडील शाळांतून सहलीचा विषय निघाला, की नळदुर्गाचे नाव हटकून पुढे येते. त्यात नवल ते काय? किल्ला फार दूर नाही. बोरी नदीला बांध घालून अडवलेले पाणी तेथे आहे. त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. आणि पावसाळ्यात ‘नर’ व ‘मादी’ ह्या नावांचे दोन धबधबे बांधावरून खाली कोसळतात. इतके सारे एका दिवसात पाहावयास मिळावे, अशी स्थळे आपल्या भागात थोडीच आहेत.

परंतु ठिकाण ठरले, म्हणजे बेत ठरला असे नव्हे. जावयाचे केव्हा, हा प्रश्न उरतोच. बहुतेक मुले एका सुरात उत्तर देतात, “धबधबे चालू असतील तेव्हा!” आणि एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, तर “यंदा सहल नकोच. तेथे पाहावयाचे काय?” असे म्हणून बेत मोडला जातो. माझे मत ह्याहून निराळे आहे. ज्या वर्षी धबधबे वाहत नाहीत, त्या वर्षीही नळदुर्गास जावे. किंबहुना त्या वर्षी तर अवश्य जावे.

मी तुमच्याएवढा असताना आमच्या वर्गाची सहल नळदुर्गास गेली होती. ते वर्ष अवर्षणाचे होते. वाटेत आमच्या तोंडी धबधब्यांवाचून दुसरा विषय नव्हता. पोहोचून पाहतो, तो बांधाच्या दगडांना ओलसुद्धा नव्हती. तळ्यात एका कडेला थोडेसे पाणी उरले होते आणि बाकीचा गाळ तडकून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. आम्ही सगळे हिरमुसलो. “पैसे फुकट गेले,” असे कोणीतरी पुटपुटले. ते गुरुजींच्या कानी गेले असावे. ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हांला बांध नीट दिसेल अशा जागी नेऊन उभे केले आणि म्हटले, “पुरात ही भिंत पाण्याआड जाते. आज ती उघडी आहे. तेव्हा पाहून घ्या, आणि दगडांचे थर मोजा.”

आम्ही मोजू लागलो. मान वर करता करता टोपी खाली पडली, तरी थर संपेनात. मग एकाने विचारले, “एवढी उंच भिंत कोणी बांधली?” आणि तेथून आमची सहल खरी सुरू झाली.

हा बांध विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह ह्याच्या कारकीर्दीत, 1613 साली बांधला गेला. किल्ल्याचा मुख्य भाग आणि समोरील रणमंडळ ह्यांच्यामधून बोरी वाहते. ह्या दोहोंना जोडणारी दगडाची भिंत नदीत उभारली, त्यामुळे पाणीही अडले आणि एकीकडून दुसरीकडे जाण्यास वाटही झाली. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक; म्हणून बांधाचा पाया भक्कम असावा लागतो. त्याच भिंतीच्या आत कारागिरांनी महाल ठेवला. पूर आला म्हणजे जादा पाणी ठरवून दिलेल्या वाटांनी खाली पडते आणि महालातील माणूस सज्जातून ती धार पाहू शकतो. आजची यंत्रे हाताशी नसताना हे काम झाले आणि चारशे वर्षांचे पूर सोसून ते उभे आहे. धबधबा पाहून आपण थक्क होतो. पण हे सारे कसे घडले असेल, हा प्रश्न आमच्या मनात आला, तो कोरड्या भिंतीपुढे.

दुसरेही एक कारण आहे. आपला मराठवाडा पाण्याची वाट पाहणारा मुलूख आहे. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. 2016 च्या उन्हाळ्यात तर शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या मुलखात असे घडते, तेथील मुलांनी भरलेले तळे तेवढे पाहावे आणि आटलेल्या तळ्याकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही. तळे कसे भरते हे जसे पाहावे, तसे ते आटल्यावर त्यात किती गाळ साचलेला असतो, हेही पाहावे. त्या गाळाने तळ्यातील पाण्याची जागा अडवलेली असते.

कोणी म्हणेल, “सहल आनंदासाठी असते, तेथेही धडेच गिरवावयाचे काय?” हा आक्षेप मला मान्य आहे. धबधबे पाहूच नयेत, असे मी म्हणत नाही. नदीच्या वरच्या अंगास आता नवे धरण आहे. ते भरून सांडू लागले, म्हणजे खाली किल्ल्यातील धबधबे जोरात वाहतात. तो देखावा घरच्या मंडळींबरोबर जरूर पाहावा. परंतु त्या दिवसांत तेथे गर्दी लोटते आणि शेवाळलेल्या दगडांवरून पाय घसरतो. चाळीस मुलांना सांभाळताना गुरुजींचे सारे लक्ष हात धरण्यातच जाते. त्यापेक्षा शाळेच्या सहलीस हिवाळा बरा. दगड कोरडे असतात, ऊन सोसवते आणि पाऊस चांगला झाला असेल, तर तळ्यात पाणीही असते. मात्र पौष पौर्णिमेस तेथे खंडोबाची यात्रा भरते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अवर्षणाच्या वर्षी तळे आटते, तशीच शेतकऱ्याच्या घरची पैशाची थैलीही आटते. अशा वेळी वर्गणी मोठी ठेवली, तर काही मुले “मला बरे वाटत नाही” असे सांगून घरी राहतात. ते कारण खरे नसते, हे त्यांच्या सोबत्यांना कळते. पण कोणी बोलत नाही. म्हणून बेत करताना आधी वर्गणी ठरवून मग मुले मोजू नका. आधी सगळी मुले मोजा आणि सर्वांना झेपेल अशी वर्गणी ठरवा. जेवण विकत घेण्याचे कारण नाही. घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली, तर खर्च निम्म्यावर येतो आणि तळ्याकाठी ती गोडही लागते.

बाकीची कामे मुलांनीच वाटून घ्यावीत. काहींनी किल्ला उघडण्याची वेळ व प्रवेशाचे शुल्क विचारून यावे, काहींनी पिण्याच्या पाण्याची सोय पाहावी, काहींनी इतिहास वाचून इतरांना सांगावा. नळदुर्ग हे राज्य संरक्षित स्मारक आहे. तेथील दगडावर आपले नाव कोरणे हा गुन्हा आहे. आणि ज्यांनी तो दगड चढवला, त्या गवंड्यांचीही नावे तेथे वाचावयास मिळत नाहीत, मग आपले कशासाठी?

पुढे काही वर्षांनी मी भर पावसाळ्यात पुन्हा नळदुर्गास गेलो. दोन्ही धबधबे गर्जत होते. लोक हरखून पाण्याकडे पाहत होते. मीही पाहत होतो. पण माझी नजर पुन्हा पुन्हा त्या पाण्यामागे जात होती आणि न दिसणाऱ्या भिंतीचे थर मी मनातल्या मनात मोजीत होतो.