रानबीज आणि आपले समेट

ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ‘वाइल्ड सीड’ (१९८०) मी नाखुशीनेच हातात घेतली. इतिहास, विज्ञानकथा आणि दंतकथा यांची सरमिसळ! आपल्या कामाशी तिचा काय संबंध, असं वाटलं होतं. पण वाचून झाल्यापासून ती पाठ सोडत नाही.

१६९० साली पश्चिम आफ्रिकेत गोष्ट सुरू होते. अन्यान्वू ही औषधपाणी करणारी इग्बो बाई तीनशे वर्षं जगलेली, हवं ते रूप घेणारी आहे. ओनित्शाच्या अताग्बुसी या रूप पालटणाऱ्या स्त्रीच्या दंतकथेतून बटलरला ती सुचली. हजारो वर्षांचा डोरो माणसं मारून त्यांची शरीरं पांघरतो आणि विलक्षण शक्ती असणाऱ्यांची पैदास करतो. कुणी कुणापासून मूल जन्माला घालायचं, हे तोच ठरवतो. अन्यान्वूला तो अमर मुलांचं आमिष दाखवतो. आणि न आल्यास तिच्या लेकरांवर संकट, हा धाकही असतोच. गुलामांच्या जहाजांचा तो काळ. अमेरिकेत गुलाम बाईचं मूल मालकाची मालमत्ता ठरे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलेल्या सुना पाहिलेल्या आपल्याला कुशीवरची ही मालकी परकी वाटू नये.

अन्यान्वू निसटते. १८४० मध्ये डोरो तिला लुइझियानात गाठतो. शेवटी ती मरायचं ठरवते, तेव्हा एकटेपणाच्या भीतीने तो नमतो. मारणं सोडत नाही. काही मर्यादा तेवढ्या मान्य करतो. ती जगते.

आमच्या बैठकीत एक तरुण मैत्रीण उसळून म्हणाली, “ताई, हा तर समेट झाला! बाई मरायला निघाल्याशिवाय याला जाग येत नाही?” मला राग आला. कारण ‘मारहाण करणार नाही’ असं नवऱ्यांकडून लिहून घेऊन मी कितीतरी जणींना परत पाठवलं आहे. त्यातल्या काही पुन्हा मार खाऊन आल्या.

मरणाला बाईचं हत्यार मानायला मी तयार नाही. मला महत्त्वाची वाटते ती अन्यान्वूची लुइझियानातली वस्ती. जगाने टाकलेल्या, वेगळ्या माणसांना तिने तिथे जवळ केलं, आसरा दिला. डोरोशिवाय उभं राहता येतं, हे तिने आधी करून दाखवलं होतं. अटी त्यानंतरच्या.

यापुढे समेटाच्या कागदावर सही घेण्याआधी मी प्रत्येकीला विचारणार आहे, “हा मोडला, तर रात्री जाशील कुठे?” आणि तिच्याकडे उत्तर नसेल, तर ते शोधणं हे आपलं काम आहे.