दणकट वेप कोणता? बीडसाठी उत्तर : एकही नाही

बीड जिल्ह्यात उघड्या रानात वापरले जाणारे तंबाखूचे सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे चुनाडबी. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, दोन्हीकडे घट्ट झाकण. बॅटरी नाही की चार्जिंग नाही. पावसात भिजली तर पुसून घ्यायची, चेपली तर ठोकून सरळ करायची. आष्टी-पाटोद्याच्या माळापासून माजलगावच्या उसापर्यंत ती सदऱ्याच्या खिशात सापडते.

शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईकडे गेलेल्या तरुणांना मात्र आता वेगळ्या साधनाचे आकर्षण वाटू लागले आहे. कपिलधारला किंवा सौताड्याच्या धबधब्यावर जाताना, मोटारसायकलवरून घाट चढताना धूळ, पाऊस आणि आदळआपट सोसेल असा दणकट वेप (ई-सिगारेट) कोणता, हा त्यांचा प्रश्न. कित्येक वेपबहाद्दर त्यावर उत्तर देत आले : मेकॅनिकल घ्या. उत्तर ऐकायला व्यवहारी वाटते. ते चुकीचे का आहे, हे कळायला त्या यंत्राच्या पोटात डोकवावे लागेल.

मेकॅनिकल वेप म्हणजे पितळेची, तांब्याची किंवा स्टीलची पोकळ नळी. आत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा लिथियम-आयन सेल. एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला तारेचे वेटोळे आणि निकोटिनच्या द्रवात भिजवलेला कापूस. बटण दाबले की सेलमधला प्रवाह थेट तारेत जातो, तार तापते आणि द्रवाची वाफ होते. मध्ये कोणतेही सर्किट नाही, म्हणून बिघडण्यासारखे काही नाही, असे या साधनाचे कौतुक होते. पण सर्किटच नसल्यामुळे शॉर्ट झाल्यावर प्रवाह तोडणारेही तिथे कोणी नसते.

हिशेब नववीच्या विज्ञानाचा आहे. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट. वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने प्रवाह होतो २१ अँपिअर. पॉवर बँकेत किंवा स्वस्त टॉर्चमध्ये दिसायला अगदी तसेच सेल असतात, पण त्यातले बरेचसे पाच-दहा अँपिअरच्या पुढे झेपणारे नसतात. जुन्या पॉवर बँकेतला सेल काढून नळीत घालणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही. तो दिसतो सेल तापून फुटल्यावर.

उघड्या जागेत धोका वाढतो. बटणाच्या स्प्रिंगमध्ये माती अडकली की बटण दाबलेलेच राहते आणि खिशात तार तापू लागते. खडकावर पडून सेलचे प्लास्टिकचे वेष्टण फाटले की धातूची नळीच शॉर्ट होण्याचा मार्ग बनते. त्यात बीडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापमान असते. लिथियम सेल अशा ठिकाणी ठेवू नये, हे मोबाइल वापरणाऱ्यालाही ठाऊक आहे.

ही भीती कागदावरची नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे वेप फुटून त्याचे तुकडे कवटीत घुसल्याने एका माणसाचा मृत्यू झाला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे स्फोटाने मानेची धमनी कापली जाऊन दुसरा तरुण गेला. धातूची नळी जेवढी भक्कम, तेवढा आत कोंडलेला दाब फुटताना जोरात बाहेर पडतो. दणकटपणा इथे उलटा अंगावर येतो.

भारतात तर ही निवड कायद्यानेच संपवली आहे. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात आणि साठवणूक, सगळेच बंद. साठवणूक वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. वेप ओढणाऱ्याला या कायद्यात वेगळी शिक्षा नाही, या पळवाटेवर बाजार चालतो. त्याचा परिणाम असा, की लपूनछपून आलेल्या मालाला ना पक्के बिल, ना हमी, ना सेल खरा असल्याची खात्री. टिकाऊ वस्तू पारखून घ्यायला दुकान उघडे असावे लागते.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो ऐकला पाहिजे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्येच सांगितले, की सिगारेटच्या धुरापेक्षा वेप बराच कमी घातक आहे. तिथले डॉक्टर सिगारेट सोडवण्यासाठी वेपची मदत घेतात. जळत्या तंबाखूतला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड वेपमध्ये नसतो, हे खरेच. मग आपल्याकडच्या लोकांना तो मार्ग का नाकारायचा?

कारण आपल्याकडचे तंबाखू घेणारे बहुतेक लोक ती ओढतच नाहीत, चघळतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यात धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आणि विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के. ब्रिटनमधला माणूस धूर सोडून वाफेवर येतो. बीडमधला माणूस वेपवर आला, तर आजवर वाचलेल्या फुप्फुसांना नवा त्रास लावून घेईल आणि पुडी सुटेलच याची शाश्वती नाही. लंडनचा उपाय जसाच्या तसा केज-धारूरला लागू पडत नाही.

म्हणूनच वेपबंदी योग्य असली, तरी तिच्यावर समाधान मानणे चूक आहे. जिल्ह्यातला खरा प्रश्न खिशातल्या पुडीचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पहाटेच्या अंधारात फडात उतरावे लागते. झोप उडवायला, भूक मारायला आणि दुखणे विसरायला सगळ्यात स्वस्त मिळते ती तंबाखू. चार घास कमी पडले तर चालवून घेतात, पुडी संपलेली चालत नाही. याला नुसते व्यसन म्हणून हात झटकता येत नाहीत. कामाच्या तासांचा, अपुऱ्या जेवणाचा आणि डोक्यावरच्या उचलीचा तो भाग आहे.

बायकांची तंबाखू तर चटकन नजरेत येत नाही, कारण ती मशेरीच्या रूपात दातांना लागते. डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या गर्भवतींचा अभ्यास करून २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले, की धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते. फडात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या बाबतीत हे १०५ ग्रॅम किरकोळ नाहीत.

राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि तिची मुदत वाढवली जाते. तरीही गुटखा पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये, हे २००३ चा कायदा सांगतो. वेपबंदीचा कायदा याच रांगेत जाऊन बसू नये असे वाटत असेल, तर छाप्यांबरोबर सोडवणुकीची सोयही माणसापर्यंत पोचली पाहिजे.

ती कशी पोचेल, हे अवघड नाही. तांडे निघण्याआधी गावातच आरोग्य उपकेंद्रावर तोंडाची तपासणी व्हावी. तोंडातला पांढरा चट्टा, कमी उघडणारा जबडा, न भरणारी जखम वेळेत दिसली तर कर्करोग सुरुवातीलाच गाठता येतो. कारखान्याच्या तळावर आरोग्य पथक जाईल तेव्हा रक्तदाबाबरोबर तंबाखूचीही विचारपूस व्हावी. निकोटिनच्या दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या औषध दुकानात मिळतात, पण रोजंदारीवरच्या माणसाला त्या विकत घेणे परवडत नाही. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळायला हव्यात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था जिल्ह्यात असताना हे काम मुंबईची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही.

तोवर ज्याला दणकट वेपच्या शोधात पैसे घालायचे आहेत, त्याने ते चांगल्या बुटांवर आणि पाण्याच्या बाटलीवर घालावेत. आणि ज्याला पुडी किंवा वेप, काहीही सोडायचे आहे, त्याच्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो : १८००-११-२३५६.