खोलीचे कुलूप आणि सोबत्यावरचा संशय

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत खेड्यापाड्यांतून हजारो मुले-मुली शिक्षणासाठी शहरांतील वसतिगृहांत दाखल होतात. तेथे त्यांच्या स्वागताला बहुधा एक फलक असतो: विद्यार्थ्यांनी मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात, चोरी झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. या एका वाक्याने व्यवस्थापन मोकळे होते. मात्र दोघांच्या खोलीत चौघे कोंबलेले असतात, कपाटाचे दार निखळलेले असते, कोयंडा तर कधीच नाहीसा झालेला असतो. वस्तू सांभाळण्याचे साधन न देता तिची जबाबदारी तेवढी माथी मारणे याला व्यवस्था म्हणता येणार नाही. ती सरळसरळ जबाबदारीची टाळाटाळ आहे.

मौल्यवान वस्तू म्हणजे तरी काय? एके काळी मनगटी घड्याळ आणि घरून आलेल्या मनीऑर्डरचे चार पैसे एवढाच विद्यार्थ्याचा ऐवज असे. आज तो ऐवज मोबाईलमध्ये सामावला आहे. बँकेचा व्यवहार, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा सांकेतिक क्रमांक, परीक्षेची सूचना, अभ्यासाच्या टिपा, सारे त्यातच. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने वसतिगृहातील भोजनाऐवजी त्याची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यावर जमा करण्याचे ठरविले, आणि त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. त्या निर्णयाने जेवणाचे ताट भटारखान्यातून उचलून बँक खात्यात नेले. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेचे पैसेही खात्यावरच येतात. अशा विद्यार्थ्याचा मोबाईल गेला की त्याचे जेवणही अडते. सधन घरच्या मुलाला जी गैरसोय वाटते, ती शेतमजुराच्या मुलीला एक सत्र गमावण्याइतकी महाग पडते.

वस्तूच्या नुकसानीपेक्षाही मोठे नुकसान चोरीनंतर होते. वस्तू हरवताच खोलीतले चौघे एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात आणि संशयाचे बोट प्रथम सर्वांत गरीब सोबत्याकडे वळते. तो पारधी किंवा अन्य विमुक्त जमातीतला असेल, तर पुरावाही कोणी मागत नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले, त्यांच्यावरील तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला, परंतु समाजाच्या मनातून पुसला गेलेला नाही. सर्वांसमक्ष एखाद्याची पेटी उपसली जाते, आणि हरवलेली वस्तू पुढे भलतीकडेच सापडते. त्या मुलाची क्षमा मात्र कोणी मागत नाही. अशा अपमानानंतर एखादा विद्यार्थी मुकाट्याने गावी परतला, तर त्याची नोंद ‘गळती’ या सदरात होते.

म्हणूनच ‘एकत्र राहायचे तर विश्वास हवा, कुलपे कशाला?’ हा प्रश्न वरवर उदात्त वाटला तरी फसवा आहे. कुलूप हा सोबत्यावरचा अविश्वास नव्हे. कुलूपबंद कपाटामुळे वस्तूचे रक्षण होते, त्याहून अधिक सोबत्याच्या अब्रूचे होते. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छताखाली, एका पंगतीत आणली. सहजीवनाचा हा वारसा केवळ सद्भावनेवर टिकणारा नाही. प्रत्येकाला समान सोय मिळाली, तरच तो टिकेल.

विद्यार्थ्यांनीही काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. खोलीला एकच कुलूप असावे आणि किल्ली प्रत्येकाजवळ असावी. चौकटीवर वा चपलेत ठेवलेली किल्ली साऱ्या मजल्याला ठाऊक असते. स्नानगृहात जाताना वा रात्री झोपताना दार उघडे ठेवू नये. कपाट नसेल तर लोखंडी पेटी साखळीने खाटेच्या पायाला जखडावी. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून फिरविता येत असतील, तर भक्कम कुलूपही निरुपयोगी ठरते. मूळ प्रमाणपत्रे शक्यतो घरी ठेवून प्रती ‘डिजिलॉकर’मध्ये ठेवाव्यात. मोबाईलचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि सिमकार्डालाही पिन लावावा.

एवढे करूनही चोरी झालीच, तर खोलीत न्यायासन मांडू नये. प्रथम बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत, सिमकार्ड बंद करवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. त्या तक्रारीच्या प्रतीवरून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेत मोबाईल निकामी करता येतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांहून कमी किमतीच्या साध्या चोरीकडे सौम्यपणे पाहिले आहे. तथापि राहत्या जागेतील चोरीसाठी कलम ३०५ स्वतंत्र आहे. तो गुन्हा दखलपात्र असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वसतिगृहाची खोली हे विद्यार्थ्याचे घरच होय. तेव्हा ‘किरकोळ बाब आहे’ असे सांगून त्याला ठाण्यातून परत पाठविण्यास आधार नाही.

परंतु पथ्ये पाळून अव्यवस्थेवर मात होत नाही. प्रत्येक निवासी विद्यार्थ्यास कोयंडा असलेले स्वतंत्र कपाट मिळाले पाहिजे. खोलीत क्षमतेबाहेर भरती होता कामा नये. रात्रीचा पहारेकरी कागदावर नव्हे, फाटकावर दिसला पाहिजे. विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी हजर असल्याखेरीज कोणाचीही झडती घेतली जाऊ नये आणि जातीवरून संशय घेणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. यांतील एकही मागणी चैनीची नाही. विद्यार्थी संघटनांनी प्रवेशाच्या हंगामातच वसतिगृहानुसार मोडक्या कपाटांची मोजदाद करून ती यादी शासनापुढे ठेवावी. दरवाजे नसलेली कपाटे देऊन जबाबदारीचे फलक लावणाऱ्यांना, ती जबाबदारी मुळात कोणाची आहे, हे त्या यादीनेच सांगावे लागेल.