तुटलेली साखळी आणि अर्धं पान

सवयींविषयी सध्या जे कानावर पडतं, त्यात तीन गोष्टी हमखास असतात. एकवीस दिवस नेटाने केलं की सवय लागते. रोज एक टक्का सुधारा, वर्षभरात सदतीस पट व्हाल. आणि साखळी तुटू देऊ नका. एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात. माझ्या ओळखीची भली माणसं हे मनापासून मानतात, आणि त्यापायीच हातातलं काम सोडून बसलेली मी पाहिली आहेत. रोजच्या लहान सवयीवर माझा पूर्ण विश्वास आहे. तिच्या नावावर जे खपवलं जातं, त्याच्याशी माझं भांडण आहे.

आधी एकवीस दिवसांचं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर आपला बदललेला चेहरा मनाने स्वीकारायला रुग्णांना साधारण एकवीस दिवस तरी लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘साधारण’ गेलं, ‘तरी’ गेलं, रुग्णही गेले. उरला नुसता आकडा, आणि तो पहाटे उठण्यापासून भाषा शिकण्यापर्यंत सगळीकडे चिकटवला गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला, त्यात वेगळंच दिसलं. एखादी कृती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ होता. जेवताना पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर रुळते, व्यायाम उशिरा. आता बाविसाव्या दिवशीही ज्याला व्यायामाचा कंटाळा येतो, त्याने स्वतःला नालायक का समजायचं? त्याचं काहीच चुकलेलं नसतं. मुदत चुकीची दिलेली असते.

एक टक्क्याच्या गणिताला फार वेळ द्यायला नको. चक्रवाढ व्याज पैशाला लागतं, माणसाला नाही. रोज बारा सूर्यनमस्कार घालणारा वर्षाअखेर साडेचारशे घालत नाही. तो बाराच घालतो. पण जिना चढताना त्याला दम लागत नाही, सकाळी कंबर धरत नाही, आणि हा लाभ बाराच्या बाराच राहिल्यामुळे मिळालेला असतो. रोज वाढवायचा हट्ट धरला असता तर पंधरवड्यात खांदा धरून घरी बसला असता.

खरी हानी करते ती तिसरी गोष्ट. ती मी स्वतः अनुभवली आहे.

घरातल्या जुन्या पेटीत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद होते. ते वाचता यावेत म्हणून मी मोडी शिकायला घेतली. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. नवख्याला त्या ओळीत शब्द कुठे सुरू होतो हेसुद्धा कळत नाही. पहिली ओळ लावायला मला नऊ दिवस लागले. सकाळच्या चहानंतर, कप बाजूला सारून, त्याच टेबलावर पंधरा मिनिटं, आणि झालं की कॅलेंडरवर एक फुली, इतकाच नेम होता. साडेतीन महिने तो चालला. मग आई आजारी पडली आणि पाच आठवडे वही उघडली गेली नाही.

परत बसायच्या दिवशी मला सगळ्यात जास्त त्रास कसला झाला असेल, तर कॅलेंडरवरच्या त्या रिकाम्या चौकोनांचा. साडेतीन महिन्यांच्या फुल्यांनंतर पाच आठवड्यांची पोकळी. सगळं पाण्यात गेलं, आता पहिल्यापासून आरंभ, या विचाराने आणखी चार दिवस मी वही उघडलीच नाही. उघडली तेव्हा तिसऱ्या दिवशी ओळ पुन्हा लागायला लागली. अक्षरं कुठेही गेली नव्हती. हिजरी तारखेआधी येणारा तो ‘छ’ तर बघताक्षणी ओळखला. आईच्या आजारपणाने माझं काही गेलं नाही. त्या फुल्यांनी मात्र चार दिवस खाल्ले.

लॅलींच्या अभ्यासातही हेच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि आपल्याला हे सांगायला लंडनचा अभ्यासही लागू नये. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे पायी वारी झाली नाही; माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम दोन वर्षं खंडला. त्यामुळे वारी संपली असं कुणा वारकऱ्याच्या मनातही आलं नाही. २०२२ च्या आषाढीला वाटा पुन्हा भरल्या. ज्यांना चालता आलं नव्हतं त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ तशीच होती, घरी हरिपाठ चालू होता, एकादशी चालू होती. नेम म्हणतात तो हा. खंड पडला की जिथे होतो तिथून पुढे चालायचं.

यावर दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मोठी कामं अशा पंधरा-पंधरा मिनिटांनी होत नाहीत, त्यांना झपाटलेपण लागतं. आपल्याकडे तहानभूक विसरलेल्या माणसाचं कौतुक फार. म्हणून भारतरत्न पां. वा. काणे यांचं उदाहरण घेतो. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९३० साली काढला, शेवटचा १९६२ साली आला. पाच खंड, साडेसहा हजारांच्या आसपास पानं. मधल्या काळात काणे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करत होते, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेत बसले. आता भागाकार करा. बत्तीस वर्षांचे दिवस होतात पावणेबारा हजारांच्या घरात. म्हणजे रोजचं साधारण अर्धं पान! ते रोज मोजून अर्धं पान लिहीत असं मी म्हणत नाही. त्या अर्ध्या पानामागे किती ग्रंथ चाळले गेले असतील याचा हिशेब लागणार नाही. पण वाटेल तेवढं झपाटलेपण बत्तीस वर्षं पुरत नाही. शेवटचा खंड आला तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. इतक्या लांबच्या पल्ल्याला माणसाला नेतं ते रोजचं बसणंच.

ते बसणं मनाच्या जोरावर होतं, असं समजण्यातही एक अन्याय आहे. ‘तुझ्यात सातत्य नाही’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा घरातल्या बायकांना ऐकवलेलं ऐकलं आहे. पेटी वाजवायची सोडलीस, चित्रं काढायची सोडलीस, इंग्रजी शिकायचं मध्येच सोडलंस. आणि ती बाई तीस वर्षं साडेपाचला उठून दूध तापवते आहे, कणीक मळते आहे, डबे भरते आहे. एक दिवस चुकला तर घर ठप्प होतं. याहून मोठं सातत्य कुठलं? तिच्याकडे नसतात ती फक्त तिच्या हक्काची पंधरा मिनिटं आणि कुणी उठवणार नाही अशी एक खुर्ची. माझा मोडीचा नेम टिकला, कारण त्या पंधरा मिनिटांत बेल वाजली की दार दुसरं कुणीतरी उघडत होतं. हे मला फार उशिरा दिसलं.

म्हणून ज्याला सवय लावायची आहे त्याला मी एवढंच सांगेन: काम लहान घ्या, रोजच्या एखाद्या गोष्टीच्या पाठीला बांधा, भिंतीवरच्या फुल्या काढून टाका. आणि तुमच्या घरात कुणी काही शिकत असेल, तर त्या वेळात बेल वाजली की उठा. दार तुम्ही उघडा.